पाकिटं फिरण्याआधीचं पाऊण मिनिट

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक मराठी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. ‘आम्ही जेवायला चाललोय’ म्हटलं की ऐकणारा जागेवर बसून राहतो. ‘आपण जेवायला चाललोय’ म्हटलं की तो चपला शोधायला लागतो. फिलिपिन्समधल्या टागालोग भाषेत अगदी हीच सोय आहे. ‘कामी’ म्हणजे आम्ही, ‘तायो’ म्हणजे आपण. ‘आमचं’ असेल तर ‘नामिन’, ‘आपलं’ असेल तर ‘नातिन’; नामाच्या आधी आले तर यांचीच रूपं ‘आमिंग’ आणि ‘आतिंग’. तिथल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळ्यांत रविवारी दशमांशाची, म्हणजे उत्पन्नातल्या दहाव्या हिश्श्याची, पाकिटं फिरण्याआधी जी छोटी प्रार्थना होते, ती समजून घ्यायची तर पैशांच्या आधी या सर्वनामांशी ओळख करून घ्यावी लागते.

प्रार्थना सांगणारा पुढे येतो आणि म्हणतो, “तायो पो आय मानालाङिन.” चला, आपण प्रार्थना करू या. इथे ‘तायो’ बरोबर आहे, कारण तो मंडळीशी बोलतोय. डोळे मिटले की पुढच्या श्वासाला ऐकणारा बदलतो. आता समोर देव आहे आणि देव काही पाकीट भरणाऱ्यांत नाही. म्हणून इथून पुढे ‘कामी’, ‘नामिन’, ‘आमिंग’. कुणी गडबडीत “आंग आतिंग इकापू” म्हणून गेला, तर त्याचा अर्थ होतो ‘देवा, तुझा नि माझा मिळून आपला दशमांश’. देवालाच वर्गणीदार करून टाकलं! जन्मापासून टागालोग बोलणारा ही चूक सहसा करत नाही. करतो तो इंग्रजीतली छापील प्रार्थना समोर ठेवून उभ्या उभ्या भाषांतर करणारा, कारण इंग्रजीला दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो. स्पॅनिशचंही तेच. तरीही मनिलात 1593 साली छापलेल्या ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ या प्रश्नोत्तरीच्या पुस्तकात प्रभूची प्रार्थना ‘आमा नामिन’ अशीच सुरू होते: आमच्या बापा, आपल्या बापा नव्हे. स्पॅनिश मिशनऱ्यांना हा भेद स्थानिक लोकांकडून शिकावा लागला आणि त्यांनी तो नीट शिकला.

वर ‘ङ’ हे अक्षर आलं. वर्णमालेत पाठ केलेलं आणि नंतर कधीच न वापरलेलं ते अक्षर टागालोग लिहिताना पावलोपावली लागतं. ‘ङायोन’ म्हणजे आता, ‘लाङित’ म्हणजे आकाश किंवा स्वर्ग, ‘पाङालान’ म्हणजे नाव. त्याच्या जागी नुसता ‘न’ किंवा ‘ग’ बोलला की शब्द मोडतो.

आता ‘इकापू’. टागालोगमध्ये दहाला ‘साम्पू’ म्हणतात आणि क्रम दाखवायला आधी ‘इका’ लागतं. इकासाम्पू म्हणजे दहावा. इकापू हे त्याच घरातलं आखूड रूप, आणि ते फक्त दशमांशासाठी राखलेलं. दशमांशाच्या वर जे द्यायचं ते ‘हांदोग’, म्हणजे अर्पण. वेदीवरच्या बलिदानाला ‘हाइन’ म्हणतात. कुणाच्या घरी मयत झाली की लोक पाकिटात घालून हातात देतात ते ‘आबुलोय’. हा शब्द काही मंडळ्या रविवारच्या दानालाही वापरतात. या सगळ्यांना पोटात घेणारा शब्द आहे ‘कालोओब’, म्हणजे देणगी. त्याचा धातू ‘लोओब’, म्हणजे आत, आतली बाजू. घराचं आत तेही लोओब आणि माणसाचं आत तेही लोओब. आपण ‘मन’ म्हणतो त्याच्या जवळचा, पण मनाहून थोडा खोल. कालोओब म्हणजे जे आतून बाहेर आलं ते.

या एका शब्दावर टागालोगचा अर्धा संसार चालतो. धैर्य म्हणजे ‘लाकास नांग लोओब’, आतलं बळ. राग धरणं म्हणजे ‘सामा नांग लोओब’, आत काहीतरी वाईट साचणं. उपकाराचं ओझं म्हणजे ‘ऊतांग ना लोओब’, आतलं कर्ज, जे पैशांनी फिटत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ या ओळीतही इच्छेसाठी हाच शब्द आहे: तुझा लोओब. पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, नवव्या अध्यायात, प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत देऊ नये असं म्हटलं आहे. 1905 च्या टागालोग बायबलात त्या कुरकुरण्याला ‘माबिगात सा लोओब’ हे शब्द आहेत: आत जड वाटणं. त्याच्या उलट रोजच्या बोलण्यात म्हणतात ‘बुकाल सा लोओब’. बुकाल म्हणजे झरा. आत झरा आहे, तो वाहतो, कुणी उपसावा लागत नाही.

पाकिटांवरची प्रार्थना या दोन शब्दांच्या मधे उभी असते. समोर बसलेल्यांतल्या काहींचं देणं झऱ्यातून आलेलं असतं, काहींचं जड झालेलं, आणि काहींच्या पाकिटात काहीच नसतं. तिघांनाही ‘आमेन’ म्हणता आलं पाहिजे. प्रार्थना चांगली की वाईट हे मोजायला याहून बरी पट्टी मला माहीत नाही.

रविवारी म्हणण्याजोगा एक पूर्ण मसुदा असा होतो:

“आमा नामिंग नासा लाङित, मारामिंग सालामात पो सा लिंग्गोंग नागदाआन. आंग लाहात नांग नासा आमिन आय गालिंग सा इयो. ङायोन पो आय इबिनाबालिक नामिन सा इयो आंग इकापू, आत इनिहाहांदोग आंग आमिंग मङा कालोओब. तांग्गापिन मो पो, मालाकी मान ओ मालिईत. पागपालाइन मो पो आंग मङा नागबिगाय, आत आलालाहानिन मो रिन पो आंग मङा नाइस मागबिगाय ङुनित वाला पांग माइबिगाय. बिग्यान मो पो नांग कारुनुङान आत कातापातान आंग मङा माङाङासिवा नितो. गामितिन मो पो सा इयोंग गावाइन आत सा मङा नाङाङाइलाङान. सा पाङालान नी हेसुस. आमेन.”

मराठीत त्याचा अर्थ: आमच्या स्वर्गातल्या बापा, गेलेल्या आठवड्यासाठी तुझे खूप आभार. आमच्यापाशी जे काही आहे ते तुझ्याकडूनच आलेलं आहे. आता दशमांश आम्ही तुला परत करतो आणि आमच्या देणग्या तुला अर्पण करतो. मोठं असो, लहान असो, तू स्वीकार कर. ज्यांनी दिलं त्यांना आशीर्वाद दे, आणि ज्यांना द्यायचं आहे पण अजून देण्याजोगं काही नाही त्यांचीही आठवण ठेव. जे याचा कारभार पाहतील त्यांना शहाणपण आणि प्रामाणिकपणा दे. तुझ्या कामासाठी आणि गरजूंसाठी याचा उपयोग कर. येशूच्या नावाने. आमेन.

सावकाश म्हटलं तरी पाऊण मिनिटात संपतं. संपायलाच हवं. पाकीट हातात धरून बसलेला माणूस पाऊण मिनिट देवाचा विचार करतो, त्यानंतर पाकिटाचा करायला लागतो.

यात ‘पो’ सात वेळा आला. टागालोगमधलं हे आदराचं अव्यय. वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्यागणिक लागतं. पण वडीलधाऱ्यांना ‘पो’सोबत बहुवचन ‘कायो’ लावतात, आपल्या ‘तुम्ही’सारखं, आणि देवाला मात्र एकवचन ‘का’ आणि ‘मो’. आजोबांना तुम्ही आणि विठोबाला तू, हा हिशेब मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. गोम एवढीच की ‘पो’ आज्ञार्थाला चिकटून यावा: तांग्गापिन मो पो, पागपालाइन मो पो. नवा माणूस घाबरला की प्रत्येक शब्दामागे ‘पो’ लावतो आणि प्रार्थना तक्रारअर्जासारखी ऐकू येते. दुसरी सवय ‘पाङिनोओन’ची, म्हणजे ‘प्रभू’. पुढचं वाक्य सुचेपर्यंत दर चार शब्दांनी ‘पाङिनोओन’ येत राहतं. मराठी प्रार्थनांत ‘हे प्रभो’ नेमकं याच कामाला येतं. आणि शहरी मंडळ्यांत निम्मी प्रार्थना इंग्रजीतून होते, ‘लॉर्ड, थँक यू पो’ या चालीवर. त्यात मला काही वावगं दिसत नाही. मनिलातला माणूस घरीही तसंच बोलतो. देवासमोर एकदम भारदस्त भाषा काढली की उलट सगळे दचकतात.

या मसुद्यातला कणा म्हणजे ‘इबिनाबालिक’, परत करतो. ‘बालिक’ म्हणजे परतणं. ‘इबिनिबिगाय’ म्हणजे देतो. तेही व्याकरणाने चुकीचं नाही, पण दशमांशाच्या बाबतीत शास्त्राला धरून नाही. जुन्या करारात दहावा भाग मुळातच परमेश्वराचा मानला आहे. लेवीय पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात त्याची रीत आहे: जनावरं काठीखालून एकेक करून जाऊ द्यायची, दहावं येईल ते परमेश्वराचं. चांगलं की वाईट हे बघायचं नाही आणि बदलायचं नाही. धान्याचा दशमांश पैशाने सोडवून घ्यायचा असेल तर वर पाचवा हिस्सा जास्त भरायचा. म्हणून इकापूला ‘परत करतो’ आणि हांदोगला ‘अर्पण करतो’ अशी दोन क्रियापदं ठेवावी. दोन्ही एकाच क्रियापदाखाली कोंबली की फरकच पुसला जातो.

दशमांशावर बोलायची एक फार जुनी पद्धत जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायात सापडते, आणि आजच्या प्रार्थना ऐकून ती वाचली की जरा धक्काच बसतो. तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातला), परका, अनाथ आणि विधवा यांना देऊन झाल्यावर शेतकऱ्याने परमेश्वरासमोर हिशेब द्यायचा: पवित्र वाटा मी घरातून काढला, ज्यांचा होता त्यांना दिला, सुतकात असताना त्यातलं खाल्लं नाही, अशुद्ध असताना त्यातलं काढलं नाही, मेलेल्यासाठी त्यातलं काही दिलं नाही. हे सगळं झाल्यावर शेवटी एका वाक्याची मागणी, आणि तीही एकट्यासाठी नाही: तुझ्या लोकांना आणि या भूमीला आशीर्वाद दे. आधी हिशेब, मग मागणं, आणि तेही सगळ्यांसाठी.

आता बहुतेक ठिकाणी काय होतं? मागणं आधी, आणि व्याजासकट. फिलिपिन्समध्ये पाकिटांच्या वेळी दोन वचनं हटकून ऐकू येतात. पहिलं मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं, सगळा दशमांश ‘कामालिग’मध्ये आणा. कामालिग म्हणजे धान्याचं कोठार. मराठी बायबलात तिथे भांडार आहे. दुसरं लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं, आणि ते टागालोगमध्ये इतकं गोड वाजतं की लहान पोरांनाही पाठ असतं: “सिकसिक, लिगलिग, आत उमाआपाव.” दाबून, हलवून, उतू जाईपर्यंत. मराठीत आपण ‘शीग भरून तुमच्या पदरी घालतील’ असं वाचतो. दोन्ही भाषांनी धान्याचं माप डोळ्यासमोर ठेवलं आहे. आपल्याकडची पायली तशी तिकडचा ‘सालोप’: तीन लिटरचं लाकडी चौकोनी माप, पंचवीस सालोपांचा एक काबान. माप भरलं की वरून सपाट दांडकं फिरवून शीग काढायची, त्याला ‘कालोस’ म्हणतात. सालोप भरला की कालोस फिरवावाच लागतो अशी म्हणही आहे. ती मुजोरांचा हिशेब चुकता करायची वेळ आली की वापरतात. लूकचं वचन म्हणतं की देणारा दांडकं फिरवतच नाही. भात मोजून विकणाऱ्या बाईला यातलं सुख समजावून सांगावं लागत नाही.

पण हेच वचन प्रार्थनेत घालून त्याचा सौदा करतात. “सुक्लियान मो पो,” म्हणजे ‘देवा, तू याचे सुटे परत दे’. आणि सुटेही कसे, तर शंभरपट. ‘सुक्ली’ हा दुकानाच्या गल्ल्यावरचा शब्द. त्याचा लाक्षणिक वापर भाषेत रुळलेला आहे, उपकाराची परतफेड या अर्थाने. पण हातात रोख रकमेची पाकिटं असताना तो शब्द पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसतो. आणि लूकमध्ये त्या वचनाच्या आधीचं वाक्य बघा: दोष लावू नका, दोषी ठरवू नका, क्षमा करा. तिथे माप चाललंय ते क्षमेचं. पैशाच्या पाकिटाला ते लावायला हरकत नाही, पण मग आधीची ओळही वाचा.

दुसरा गैरवापर मलाखीच्या वचनाचा, आणि तो जास्त वाईट. त्याच ठिकाणी ‘मनुष्य देवाला लुटेल काय?’ असा प्रश्न आहे. तो प्रवचनात घ्यावा, त्यावर खुशाल वाद घालावा. प्रार्थनेत घेऊ नये. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. मलाखीने तो प्रश्न ज्या काळात विचारला तेव्हा दशमांश आला नाही तर मंदिरातल्या लेवींच्या पोटाला मिळत नसे. ‘माझ्या घरात अन्न असावं म्हणून’ हे शब्द कोठाराच्या त्या वचनातच आहेत. येशूने परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या लोकांना, सुनावलं ते याच्या दुसऱ्या टोकाला: पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश काढता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. जिऱ्याचा दहावा दाणा मोजणारा माणूस डोळ्यासमोर आणला की हसू येतं, पण तो माणूस आजही सापडतो. पगाराच्या ढोबळ आकड्यावर दशमांश की हातात पडलेल्या रकमेवर, या वादात तो हिरीरीने असतो. ढोबळ पगार महिना 18,000 पेसो धरा. ढोबळवर इकापू 1,800. सामाजिक सुरक्षा, आरोग्यविमा आणि गृहनिधी यांची कपात वजा जाता हातात समजा 16,500 आले, तर 1,650. फरक दीडशे पेसोंचा. त्या दीडशे पेसोंचा निकाल प्रार्थना सांगणाऱ्याने लावू नये.

कॅथलिक चर्चमध्ये ही प्रार्थना वेगळी होत नाही, आणि फिलिपिन्समध्ये बहुसंख्य कॅथलिकच आहेत. तिथे दहा टक्क्यांचा नियमही नाही. टोपल्या अर्पणगीत चालू असताना फिरतात, भाकरी आणि द्राक्षारसाबरोबर मिरवणुकीने पुढे आणतात. पैसे वेदीवर ठेवत नाहीत. मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, नियमांप्रमाणे ते वेदीपासून बाजूला, योग्य जागी ठेवायचे. आणि धर्मगुरू भाकरी उचलून म्हणतो: “सा इयोंग कागांदाहांग-लोओब, नारितो आंग आमिंग माइआआलाय.” तुझ्या लोओबच्या सौंदर्यामुळे, म्हणजे तुझ्या कृपेमुळे, अर्पण करण्याजोगं हे आमच्यापाशी आहे. पुन्हा तोच लोओब, फक्त आता देवाचा. थोड्या वेळाने तो लोकांकडे वळतो आणि ‘पागहाहाइन नातिन’ म्हणतो, आपलं बलिदान. देवाकडे तोंड असताना आमचं, लोकांकडे तोंड असताना आपलं. सुरुवातीला सांगितलेला नियम इथे दोन वाक्यांत पाळलेला दिसतो. प्रॉटेस्टंट मंडळीत नव्याने प्रार्थना सांगायला लागलेल्याने या दोन ओळी कान देऊन ऐकाव्या.

पैशाचा कॅथलिक घोळ निराळा होता. बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी यांचे ठरलेले दर, ज्याला तिकडे ‘आरान्सेल’ म्हणतात. 1991 च्या राष्ट्रीय धर्मपरिषदेत ते बंद करून लोकांच्या स्वेच्छेच्या देण्यावर चर्च चालावं असं ठरलं. अंमल मात्र धर्मप्रांताप्रमाणे कमीजास्त झाला. ख्रिस्ती धर्म येऊन 500 वर्षं झाली त्या वर्षी, 2021 च्या जानेवारीत, बिशपांनी पुन्हा तेच आवाहन केलं. तीस वर्षांनी तोच ठराव पुन्हा करावा लागतो याचा अर्थ दरपत्रक सोपं असतं, झऱ्यावर विसंबणं अवघड.

झऱ्याचा एक प्रयोग मात्र मला मनापासून आवडतो. मनिलाचे तेव्हाचे आर्चबिशप, पुढे कार्डिनल झालेले गौदेन्सियो रोसालेस यांनी 2004 मध्ये ‘पोंदो नांग पिनोय’ सुरू केला. रोज 25 सेंतिमो बाजूला टाकायचे, म्हणजे पाव पेसो. वर्षाचे होतात 91 पेसो 25 सेंतिमो. श्रीमंताने जास्त टाकावे असा आग्रह नाही. रोज टाकावे हा आग्रह आहे. त्याचं घोषवाक्य: “आनुमांग मागालिंग, काहित मालिईत, बास्तात मालिमित, आय पातुङोंग लाङित.” जे काही चांगलं, लहान का असेना, वरचेवर केलं तर स्वर्गाकडे नेतं. मालिईत, मालिमित, लाङित: लहान, वरचेवर, स्वर्ग. यमकाने अर्थ बांधलेला आहे. आपल्या ‘थेंबे थेंबे तळे साचे’मध्ये तळं पैशाचं असतं, इथे हिशेब पैशाचा नाहीच, सवयीचा आहे. ज्या नाण्याला बाजारात कुणी विचारत नाही त्या नाण्यावर प्रार्थना म्हणता येते.

प्रार्थना सांगणाऱ्याने कॅलेंडर बघावं. फिलिपिन्समध्ये पगार बहुधा महिन्यातून दोनदा होतो, 15 तारखेला आणि महिनाअखेरीस. त्यानंतरच्या रविवारी पाकिटं जाड असतात. त्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांना लोक ‘पेत्सा दे पेलिग्रो’ म्हणतात, धोक्याच्या तारखा. खिशात जीपनीचं, म्हणजे तिथल्या प्रवासी गाडीचं, भाडं उरलं तरी नशीब. रविवार 13 किंवा 28 तारखेला आला तर ‘ज्यांच्यापाशी अजून नाही’ ही ओळ वगळण्याचं पाप करू नये. डिसेंबरात उलट. तेराव्या महिन्याचा पगार कायद्याने 24 डिसेंबरपर्यंत द्यावा लागतो; तेव्हा आभाराचं वाक्य एकाचं दोन झालं तरी चालतं. वादळ येऊन गेलेल्या आठवड्यात ‘गेलेल्या आठवड्यासाठी खूप आभार’ हे वाक्य जसंच्या तसं म्हणणारा माणूस कागद वाचतोय, समोरच्या बाकांकडे बघत नाही. ज्यांचे पत्रे उडाले ते तिथेच बसलेले असतात. तेव्हा म्हणावं, आम्ही आज इथे आहोत त्यासाठी आभार. छपराच्या दुरुस्तीला किती लागणार तो आकडा मात्र प्रार्थनेत कधीच नको. देवाला माहीत आहे आणि लोकांना सूचनांच्या वेळी सांगता येतं. मोठी रक्कम देणाऱ्याचं नावही नको. येशू दानपेटीसमोर बसला तेव्हा त्याने दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचंच उदाहरण घेतलं, आणि तिचंही नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

‘कारुनुङान आत कातापातान’, शहाणपण आणि प्रामाणिकपणा, ही ओळ बहुतेक छापील प्रार्थनांत नसते. ती मी आग्रहाने ठेवीन. कारण ‘आमेन’नंतर पैसे ज्या खोलीत जातात तिथली परीक्षा अवघड असते. मोजायला किमान दोन माणसं हवीत, आणि ती एका घरातली नकोत. नवरा-बायको ही एक सही धरावी. मोजणी त्याच दिवशी व्हावी, ‘उद्या बघू’ नको. पाकीट उघडल्यावर आतली रक्कम पाकिटावर लिहिलेल्या रकमेशी ताडायची. जुळली नाही तर आतली खरी धरून शेजारी दोघांनी सही करायची, देणाऱ्याला चारचौघांत विचारायचं नाही. इकापू, हांदोग, मिशन, इमारत असे रकाने पाकिटावर असतात आणि त्यांवर खुणा केलेल्या असतात. ज्या खुणेला जे आलं ते त्याच खात्यात. मिशनच्या पैशातून विजेचं बिल ‘तात्पुरतं’ भरलं की ते तात्पुरतं वर्षभर टिकतं. नोटा आणि नाणी वेगळी, प्रत्येक किमतीची संख्या कागदावर, दोघांच्या सह्या, आणि बँक उघडली की पहिल्या दिवशी भरणा. मोबाइलवर क्यूआरने आलेलं दान या टोपलीत दिसत नाही. त्याचा उतारा वेगळा काढून त्याच कागदाला जोडावा लागतो, नाहीतर महिनाअखेरीस दोन हिशेब दोन वाटांनी जातात. तिसऱ्या वर्षीचा दशमांश वाटून परमेश्वरासमोर उभा राहिलेला शेतकरी जे तोंडाने सांगत होता, तेच हा कागद सांगतो.

राहिली ती एक ओळ. ‘वालांग माइबिगाय’ म्हटलं तर अर्थ होतो, ज्यांच्याकडे देण्याजोगं काही नाही. ‘वाला पांग माइबिगाय’ म्हटलं की मधे ‘पा’ येतो. ‘पा’ म्हणजे ‘अजून’. अजून काही नाही. पहिल्या वाक्यात माणसाची जात ठरते, दुसऱ्यात फक्त त्याचा आठवडा. पाठ करताना हा ‘पा’ पटकन गळतो, कारण त्याच्यावर जोर येत नाही.

मोजणीच्या टेबलावर दर काही आठवड्यांनी एखादं पाकीट निघतं ज्यावर नाव आहे, तारीख आहे, इकापूच्या रकान्यावर खूण आहे आणि आत काही नाही. टोपली समोरून जाताना हात मोकळा दिसू नये म्हणून टाकलेलं. रकमेच्या जागेत शून्य लिहायचं नाही, वहीत नाव चढवायचं नाही, आणि फाडून टाकायच्या आधी बोटाने आत एकदा चाचपून बघायचं. कधीकधी तळाशी घडी घातलेली चिठ्ठी असते.